चौथ्या मजल्यावरचा उजेड

अष्टमीच्या दिवशी दॉ म्याइंग दुपारी बारानंतर घास तोंडात घालत नसत. पहाटे आंघोळ करून बुद्धमूर्तीपुढे आठ शीलं घ्यायची, दिवसभर बेताचं बोलायचं, रात्री पलंग सोडून जमिनीवर चटई टाकायची. बावीस वर्षांत हा नेम मोडला नव्हता. नवरा गेला त्या आठवड्यातली अष्टमीसुद्धा त्यांनी पाळली होती. ही गोष्ट त्या स्वतःहून कुणाला सांगत नसत. पण दुसरं कुणी सांगायला लागलं, तर थांबवतही नसत.

यांगूनच्या त्या गल्लीत सगळ्याच इमारती सहा मजली, बिनलिफ्टच्या, एकमेकींना खेटून उभ्या होत्या. प्रत्येक सज्जातून एक दोरी खाली लोंबायची. खालच्या टोकाला चिमटा, वरच्या टोकाला घंटी. पेपरवाला किंवा भाजीवाली चिमट्याला वस्तू अडकवून दोरी ओढायची, की वर घंटी वाजायची. दॉ म्याइंग चौथ्या मजल्यावर एकट्या राहत. त्यांच्या बरोबर खाली, तिसऱ्यावर, ऊ थाउंग राहत. शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे गुरुजी, दम्याने जेरीला आलेले. आणि तळमजल्यावर मा न्वे नी. ती सकाळी माशाच्या रश्शातल्या शेवया विकायची आणि उरलेला दिवस तोंड चालवायची.

आणि दॉ म्याइंगच्या पलंगाखाली, जुन्या ब्लँकेटमागे, एक बॅटरी होती.

ती सिंगापूरला असलेल्या मुलाने, फ्योने, घेऊन दिली होती. चांगली दांडगी, इन्व्हर्टरसकट. हमाल ती तांदळाच्या पोत्यात घालून वर घेऊन आला, तेव्हा मा न्वे नीने विचारलं होतं, "मावशी, एवढा तांदूळ? उपास सोडलात की काय?" दॉ म्याइंग नुसत्या हसल्या होत्या. हसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

फ्योने फोनवर बजावलं होतं, "आई, कुणाला सांगू नकोस. मोठ्या मावशीचं काय झालं आठवतंय ना? अख्खी इमारत मोबाइल घेऊन दाराशी. वर्षात बॅटरी मेली." दॉ म्याइंगना ते पटलं होतं. शिवाय मूर्तीमागचं विजेचं प्रभामंडळ सतत तेवत राहावं, हीच तर खरी इच्छा होती. मूर्तीसाठी म्हणून घेतली होती. पंखा आणि ट्यूब काय, ओघाने आली.

म्हणून वीज गेली की त्या आधी सज्जाच्या खिडकीवर जाड ब्लँकेट ओढून घेत, दाराच्या फटीला पायपुसणं लावत, आणि मग बटण दाबत. वीज परत आली की सगळी गल्ली एका सुरात ओरडायची, "आली! आली!" तेव्हा दॉ म्याइंगही ब्लँकेट बाजूला सारून सज्जात येत आणि सगळ्यांबरोबर ओरडत, "आली!" जरा जास्तच मोठ्याने ओरडत.

मनात एकच भीती होती. कुणाला कळलं तर?

त्या अष्टमीला संध्याकाळी साडेपाचलाच आभाळ काळंठिक्कर पडलं. पागोड्याच्या बाजूने एक वीज अशी कडाडली की भांडी वाजली, आणि लगेच सगळी गल्ली अंधारात बुडाली. "ओऽऽ!" असा लांबलचक हेल उठला, आणि त्यामागोमाग हशा.

"घ्या! पाऊस पडायच्या आधीच भिजली वाटतं बिचारी," मा न्वे नी खालून ओरडली.

जिन्यात दारं उघडायला लागली. वीज गेली की या इमारतीत लोक जिन्यावर येऊन बसत. पंखा नसला की घरापेक्षा जिनाच बरा, थोडा वारा तरी असायचा. कुणी कलिंगडाच्या बिया आणायचं, कुणी काळा चहा. दॉ म्याइंगही पूर्वी पायरीवर बसायच्या. बॅटरी आल्यापासून बसत नसत. ध्यानाला बसते, असं सांगत. आणि ध्यानाला बसतही. पंख्याखाली.

दार वाजलं. त्यांनी चटकन ट्यूब बंद केली आणि दार चार बोटं उघडलं. बाहेर मा न्वे नी, एका हातात नेसत्या लोंजीचा, बर्मी लुंगीचा, काठ वर धरलेला, दुसऱ्या हातात मेणबत्ती. चार मजले चढून धापा टाकत होती.

"ही घ्या मावशी. दुकानात शेवटचीच राहिली होती. म्हटलं, अष्टमी आहे, मूर्तीपुढे अंधार नको."

"अगं, तुझ्याकडे?"

"माझ्याकडे नवरा आहे ना. त्याचं टक्कल पुरतं." ती हसत हसत वळलीही. "आमच्या वाटणीचं पुण्य तुम्ही करता, आम्ही निदान मेण तरी पुरवावं."

दार लावून दॉ म्याइंगनी कपाटाचा खालचा खण उघडला. त्यात मेणबत्त्या होत्या. वर्षभरात शेजाऱ्यांनी अशाच आणून दिलेल्या, एकाही वातीला काजळी न लागलेल्या. त्यांनी ही नवी त्यांत ठेवली आणि खण पायाने ढकलून बंद केला. मग ट्यूब लावली.

खालच्या मजल्यावरून खोकला ऐकू यायला लागला. आधी सुटा सुटा, मग एकामागून एक.

हा खोकला त्यांच्या ओळखीचा होता. मागच्याच महिन्यात, अशाच पावसात, वीज चार तास आली नव्हती. ऊ थाउंग औषधाची वाफ घेण्याचं त्यांचं छोटं यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून, काखेत मारून, मोठ्या रस्त्यावरच्या दवाखान्याकडे निघाले होते. तिथे जनरेटर होता. दॉ म्याइंगनी त्यांच्या चपलांचा आवाज पायरी पायरीने खाली जाताना ऐकला होता. तेव्हा त्या माळ ओढत होत्या. त्यांनी जप जरा मोठ्याने सुरू केला होता. एकशे आठ मणी पूर्ण केले होते, एकही न गाळता.

आताही त्यांनी माळ हातात घेतली.

पाऊस थोडा ओसरला. जिन्यातून गुरुजींचा आवाज आला. एकेक शब्द श्वासाला टेकत टेकत येत होता, पण आवाजात हसू होतं.

"निघतो मी... दवाखान्यात... तेवढाच फेरफटका."

"गुरुजी, त्या वीजवाल्यांना तुम्ही जरा गणित शिकवायला हवं होतं," पायरीवरून कुणीतरी म्हणालं.

"शिकवलंय की... माझा एक पोरगा... तिथेच लागलाय. वजाबाकी... फार छान यायची त्याला."

सगळा जिना खो खो हसला. चपला खाली उतरायला लागल्या. दॉ म्याइंगची बोटं मण्यावर थांबली. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, कडीला हात लावला. आज सांगितलं तर लोक विचारणार, मागच्या महिन्यात कुठे होतात? गेल्या वर्षभर कुठे होतात? कडीवरचा हात त्यांनी काढून घेतला आणि परत चटईवर येऊन बसल्या.

तेवढ्यात नदीकडून वारा आला. आला तो दणकाच. सज्जाच्या खिडकीची जुनी कडी तुटली, दोन्ही झडपा आत आपटल्या, ब्लँकेट खिळ्यासकट खाली आलं. पाऊस थेट खोलीत शिरला. आणि ट्यूबचा पांढरास्वच्छ उजेड समोरच्या इमारतीच्या सहाही मजल्यांवर जाऊन पडला.

"आली!"

पहिल्यांदा कुणा पोरीचा आवाज. मग सगळी गल्ली, "आली! आली रे आली!" टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी पातेलं बडवलं. ज्याला उजेड दिसला तो ओरडला, आणि ज्याने ओरडणं ऐकलं तो पळाला. या गल्लीत वीज आली की आधी पळायचं असतं, बघायचं मागून. पाण्याचा पंप लावायचा, भाताचं भांडं जोडायचं, फोन टोचायचा, कारण परत कधी जाईल नेम नाही. इमारतभर खटाखट बटणं दाबली गेली.

दॉ म्याइंग लख्ख उजेडात उभ्या होत्या. हातात माळ, अंगावर व्रताची तपकिरी ओढणी, केस वाऱ्याने विस्कटलेले. समोरच्या सज्जातल्या बाईने त्यांना बघून आनंदाने हात हलवला.

त्यांनी झेप घेतली आणि ट्यूब बंद केली.

"गेऽऽली!" गल्ली विव्हळली, आणि दुसऱ्याच क्षणी फिदीफिदी हसायला लागली. तळमजल्यावरून मा न्वे नीचा आवाज सगळ्यांच्या वर आला, "अगं बाई, आली, चप्पलसुद्धा काढली नाही, निघाली! एवढी कसली घाई, सासूला भ्यायलीस होय?"

म्हणजे कुणाला कळलं नव्हतं. दॉ म्याइंग अंधारात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पाऊस गालावर येत होता आणि त्यांना चक्क हायसं वाटलं होतं. ते हायसं वाटणं त्यांचं त्यांनाच कळलं.

जिन्यात गडबड झाली. पावलं वर आली, दार वाजलं.

"मावशी!" मा न्वे नीच होती, पण या वेळी हसत नव्हती. "तुमच्याकडे आली होती का हो? समोरची म्हणते, तुमच्याच खिडकीत दिसली. एकाच फेजला आली असेल तर गुरुजींचं यंत्र तुमच्याकडे आणून लावू. गुरुजी पार पहिल्या मजल्यापर्यंत उतरले होते. 'आली' ऐकलं आणि माघारी चढले. दोन मजले, भरभर. आता तिसऱ्याच्या दाराशी बसलेत. खाली नेता येत नाही, शिवाय बाहेर पाऊस बघा कसा!"

दार चार बोटं उघडं होतं. विचारलं गेलं होतं. वर्षभर कुणी विचारलं नव्हतं, आज सरळ विचारलं गेलं होतं.

"नाही गं," दॉ म्याइंग म्हणाल्या. "वीज चमकली असेल."

"असेल, असेल," मा न्वे नी म्हणाली, आणि धावत खाली गेली. तिला शंकासुद्धा आली नाही. चौथ्या मजल्यावरच्या मावशी अष्टमीला खोटं बोलतील, हे तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

दॉ म्याइंग वळल्या. खोलीत अंधार होता, पण पूर्ण नव्हता. मूर्तीमागचं प्रभामंडळ चालूच राहिलं होतं. निळं, हिरवं, लाल, पुन्हा निळं, आपल्या चालीने गरगरत होतं. पलंगाखालच्या बॅटरीवर. पहाटे याच मूर्तीपुढे बसून त्यांनी चौथं शील, खोटं न बोलण्याचं, घेतलं होतं, आवाज न चढवता, डोळे मिटून, बावीस वर्षं घेतलं तसंच. मूर्तीच्या चेहऱ्यावर कसलाच राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

खालून मा न्वे नीचा आवाज येत होता. ती पुठ्ठ्याने वारा घालत असावी, कारण मधे मधे फटक फटक ऐकू येत होतं. "गुरुजी, श्वास मोजा बघू. गणिताचे ना तुम्ही? एक... दोन... अहो, दोनावर काय थांबता, नापास कराल स्वतःला." कुणीतरी हसलं. गुरुजी हसले नाहीत. खोकलेही नाहीत. नुसती शिट्टीसारखी एक बारीक आवाजाची ओढ येत होती.

दॉ म्याइंगनी ट्यूब लावली आणि दार सताड उघडलं.

उजेड पायऱ्यांवरून घरंगळत खाली गेला. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पाच-सहा माणसं वर बघत होती. मधे पायरीवर ऊ थाउंग, भिंतीला पाठ लावून, ओठ निळसर पडलेले.

"माझ्याकडे बॅटरी आहे," दॉ म्याइंग म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू निघाला. "वर्षभरापासून आहे. यंत्र त्यावर चालेल. वीज चमकली नव्हती. मीच होते."

मा न्वे नीच्या हातातला पुठ्ठा थांबला.

"वायर आहे?" तिने एवढंच विचारलं.

वायर होती, पण जिन्याच्या वळणावळणाने तिसऱ्याच्या दारापर्यंत पुरेना. गुरुजींना उचलून वर आणावं तर त्यांना हलवायची भीती वाटत होती. मग मा न्वे नीच ओरडली, "दोरी! सज्जातून सरळ खाली सोडा!" दॉ म्याइंगनी वायरीचं टोक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं, दोरीच्या चिमट्याला अडकवलं आणि सज्जातून सोडलं. वाऱ्यात ते लंबकासारखं झुलायला लागलं. खालच्या सज्जातून मा न्वे नी अर्धी बाहेर झुकून ते पकडायला बघत होती.

"डावीकडे! अहो मावशी, तुमचं डावं! आलं, आलं... गेलं! काय मेलं मासोळीसारखं करतंय! धरलं! बटण दाबू नका, मी सांगेपर्यंत दाबू नका, नाहीतर माझ्याच शेवया व्हायच्या!"

समोरच्या सज्जांमधून लोक बघत होते. सगळ्या गल्लीसमोर, भर उजेडात, दॉ म्याइंग ओणव्या होऊन दोरी सोडत होत्या. त्यांनी ब्लँकेट परत लावलं नाही. पंख्याची पिन काढली, प्रभामंडळाचीही काढली, म्हणजे बॅटरी जास्त वेळ पुरेल. मूर्तीमागे अंधार झाला. मग खालून हाक आली आणि त्यांनी बटण दाबलं. यंत्राची घरघर सुरू झालेली जमिनीतून त्यांच्या तळपायांना जाणवली.

कपाटाच्या खणातल्या मेणबत्त्या ओढणीत घेऊन त्या खाली उतरल्या. पायऱ्यांवर बसलेल्यांना एकेक देत गेल्या. मान वर न करता. मा न्वे नीने आपली ओळखली.

"अगं बाई, ही तर माझीच! आणि ही दिवाळं निघालेल्या पानवाल्याची. मावशी, दुकानच काढा आता." ती हसली. बाकीचेही हसले, आणि त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं. "आणि तो तांदूळ! मी म्हटलंच होतं, तांदळाचं पोतं हमालाने इतकं जपून का धरलंय!"

दॉ म्याइंगना वाटलं, हिने दोन शब्द टाकून बोलावं. मा न्वे नी मात्र आल्याचा काढा आणायला खाली निघूनही गेली होती.

ऊ थाउंग चटईवर बसले होते, तोंडावर वाफेची वाटी. खांदे हळूहळू खाली येत होते. दॉ म्याइंग उंबऱ्याशीच टेकल्या. औषध संपलं तेव्हा गुरुजींनी वाटी बाजूला केली आणि डोळे पुसले.

"मागच्या महिन्यात..." दॉ म्याइंगनी सुरुवात केली.

"तुमचा पंखा," गुरुजी म्हणाले, "एका टोकाला गेला की टक् वाजतो. तेल घाला त्याला."

दॉ म्याइंगना आधी कळलं नाही. मग कळलं. व्रताच्या दिवशी त्या जमिनीवर निजत, म्हणून पंखाही जमिनीवर ठेवत. त्यांची जमीन म्हणजे गुरुजींचं छत.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"वर्ष झालं. सगळी गल्ली बंद, आणि माझ्या डोक्यावर टक्, टक्. अष्टमीला तर हमखास."

"मग मागितलं का नाही?"

गुरुजी यंत्राची नळी नीट गुंडाळत होते.

"मागितलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

दॉ म्याइंग उंबऱ्याची कड बोटाने घासत राहिल्या.

"तेच. उजेड लपवून बसणाऱ्या माणसाला विचारायचं म्हणजे, त्याला खोटं बोलायला लावायचं. तुमचा बावीस वर्षांचा नेम, तो माझ्यामुळे मोडायचा. म्हटलं, त्यापेक्षा दवाखाना बरा. पायही मोकळे होतात." ते हसायला गेले आणि खोकले.

"आज बोलले मी," दॉ म्याइंग म्हणाल्या. "न्वे नीशी."

"ऐकलं. जिन्यात आवाज घुमतो."

मा न्वे नी काढा घेऊन आली. तिने दोघांनाही कप दिले, अष्टमीला बारानंतर दूधही चालत नाही म्हणून दॉ म्याइंगच्या कपात ते घातलं नव्हतं. तेवढंही ती विसरली नव्हती. दॉ म्याइंगनी कप दोन्ही हातांत धरला.

आठच्या सुमारास वीज आली. खरी आली. खांबावरचा दिवा दोनदा मिचमिचला आणि गल्लीभर "आली! आली!" उसळलं. पातेलं पुन्हा वाजलं. दॉ म्याइंग तेव्हा आपल्या सज्जात उभ्या होत्या. या वेळी त्या ओरडल्या नाहीत.

मग त्यांच्या डोक्यावरची घंटी वाजली. त्यांनी दोरी वर ओढली. चिमट्याला वायर होती. कोरडी पुसलेली, नीट वेटोळं करून दोन ठिकाणी सुतळीने बांधलेली. गुरुजींची वळणं. दॉ म्याइंगनी ती आत नेली नाही. सज्जाच्या कठड्यालाच अडकवून ठेवली, खालून कुणालाही दिसेल अशी.

दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून त्या मूर्तीपुढे बसल्या. मोडलेलं शील पुन्हा घ्यायचं असतं. पहिली तीन त्यांनी नेहमीच्या हळू आवाजात म्हटली. चौथ्याशी अडल्या. त्यांनी जमिनीकडे बघितलं. खाली गुरुजी जागे होते, त्यांच्या चपला फरशीवर घासत होत्या.

मग दॉ म्याइंगनी चौथं शील म्हटलं, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.